जावयाची इम्पाला

बालाघाटात आमच्या घराचा पत्ता विचारायचा असेल तर नाव सांगू नका. "वो बडी गाडीवाले बाबूजी" म्हणा, ऑटोवाला बरोबर दारात आणून सोडेल. गंमत अशी की त्या दारात ती गाडी कधी उभी राहिलेली नाही. आणि आमच्या ह्यांना ती चालवताना पाहिलेली माणसं मोजायला बसलात तर हाताची बोटंसुद्धा जास्त होतील.

हे म्हणजे माझे यजमान, प्रभाकर. सदतीस वर्षं सरकारी नोकरीत मानचित्रकार होते, म्हणजे कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. मी आशालता, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तेव्हा आमच्या घरात मोजमापाची कमतरता कधीच नव्हती. अक्कल मात्र वेळेवर कामाला आली नाही, ह्यांचीही आणि माझीही.

गाडी १९६१ सालची इम्पाला. मलाजखंडला एक ठेकेदार होता, त्याची. हे तरुण असताना कामानिमित्त तिकडे गेले, परतीची बस चुकली, आणि त्या ठेकेदारानं ह्यांना गाडीत घालून बैहरपर्यंत सोडलं. तेवढ्या एका फेरीत आमचे हे कायमचे कामातून गेले. पुढे ठेकेदार वारला, मुलं बाहेर गेली, गाडी एका पडवीत गंजत पडली. ह्यांनी निवृत्त झाल्या झाल्या जाऊन ती आणली. गोंदियाच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दोन वर्षं खपून तिच्यात जीव घातला. फिका हिरवा रंग, साडेसतरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद. पुढची सीट एवढी ऐसपैस की तीन माणसं मांडी घालून बसतील.

ह्यांची इच्छा एकच होती आणि ती फार मोठी नव्हती. मला शेजारी बसवून गोंदिया रोडनं न्यायचं. काचा खाली, कोपर बाहेर, घाई नाही, पोचायचंही कुठे नाही. आमच्या लग्नात मला राजेगावहून बालाघाटला बसनं आणलं होतं, आणि त्या बसमध्ये वऱ्हाड एवढं कोंबलेलं की नवरीला ट्रंकेवर बसवलं. मी ते कधीच विसरले होते. ह्यांना मात्र त्याची चाळीस वर्षं टोचणी होती.

"न्या ना मग, कोण नाही म्हणून राह्यलं?" मी म्हणायची.

"आधी जागा त पाहू दे," हे म्हणायचे.

इथून सगळं सुरू झालं. आधी जागा.

ह्यांनी आमच्या गल्लीचा नकाशा काढला. शंभर टक्के बरोबर, नगरपालिकेच्या दप्तरात असेल तसा. मग त्याच मापानं पुठ्ठ्याची एक गाडी कापली आणि ती बोटानं ढकलत नकाशावर फिरवली. कागदावर गाडी गल्लीत आली, वळली आणि आमच्या फाटकातून आत जाऊन उभीही राहिली. ह्यांनी मला चहा सोडून बघायला बोलावलं. मीही बघितलं आणि मान डोलावली. गणिताची शिक्षिका मी! नकाशात कोणाच्याच पायऱ्या नाहीत हे माझ्याही लक्षात आलं नाही. आमच्या गल्लीत प्रत्येकानं नालीवर फरशी टाकून आपल्या पायऱ्या दोन-दोन फूट पुढे आणल्या आहेत, आम्ही धरून. गाडी तिसऱ्या घरापाशी अडकली ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. लोकांनी खुर्च्या बाहेर आणून टाकल्या. हे त्या घरमालकाला म्हणाले, "नक्शे में आपकी सीढ़ियाँ नहीं हैं।" तो शांतपणे म्हणाला, "बाबूजी, नक्शे में तो आपकी गाड़ी भी नहीं है।" मला इतका राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मग काही महिने गाडी मोठ्या रस्त्याच्या कडेला राहिली. टपावर गाईंनी माना घासल्या, धुळीवर पोरांनी आपापली नावं लिहिली, आणि एके दिवशी गाडी हटवा म्हणून काचेवर चिठ्ठी लागली. हे गाव पालथं घालायला निघाले. मी शाळेत शिकवलेला लोकेश आता राइस मिलचा मालक आहे. त्यानं मोकळी शेड दाखवली. किरायाचं काढलं तर कानाला हात लावून म्हणाला, "मैडम, आपसे किराया लूँगा मैं? पाप लगेगा मुझे।" आम्ही दोघं खूश होऊन घरी आलो. तेव्हा कळलं नाही की पैसे न घेता मिळालेल्या जागेवर आपला शब्द चालत नसतो. डिसेंबर उजाडला, धानाची आवक सुरू झाली, पोत्यांना शेड पुरेना. लोकेशच्या माणसांनी गाडी ढकलून अंगणात काढली आणि वर ताडपत्री टाकली. त्याच आठवड्यात मावठ्याचा पाऊस झाला. ताडपत्री फाटकी होती. मागची सीट भिजून फुगली, तिच्यात उंदरांनी संसार थाटला. हे मिलमध्ये उभे राहून नुसते हात चोळत होते.

"बोला ना त्याले!" मी म्हटलं.

"काय बोलू? आपण काय त्याचे भाडेकरू हाओत?"

तेव्हापासून ह्यांनी ठरवलं, की आता फुकट कुठे ठेवणार नाही. पण बालाघाटसारख्या गावात ओळखीच्या माणसाकडून किराया घेणारा माणूस शोधून काढणं हे साडेसतरा फुटांची जागा शोधण्याहून अवघड. अनोळखी लोक गाडी बघून म्हणायचे, "इतनी बड़ी? नहीं नहीं।" आणि ओळखीचे म्हणायचे, "आपसे पैसे?" दोन्हीकडून आमचे हे मारले गेले.

शेवटी राजेगाव निघालं, माझं माहेर. गोंदियाच्या वाटेवर, महाराष्ट्राच्या सीमेवरचं गाव. माझा धाकटा भाऊ नथ्थू तिथे शेती करतो. घराला लागून त्याची शेड आहे, तीन बाजूंनी भिंती, एक बाजू मोकळी, ट्रॅक्टरसाठी बांधलेली. ट्रॅक्टर त्यानं दुसरीकडे हलवला आणि शेड जावयाला दिली. हे किरायाचं बोलले तेव्हा नथ्थूचा चेहरा पडला.

"भाऊजी, तुमच्यापासून किराया घेतला त मी बाईसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?" मला तो लहानपणापासून बाई म्हणतो.

हे माझ्याकडे बघू लागले. आमच्याकडे अजून जावई दारात आला की त्याचे पाय धुतात. नथ्थूची बायको शांताबाई, तिचीही साठी जवळ आली, पण ह्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. जावयाला नाही म्हणायचं नाही, आणि जावयानंही कशाला नाव ठेवायचं नाही. हा व्यवहार दोन्हीकडून चाळीस वर्षं चोख चालला होता.

गाडी राजेगावला गेली तेव्हाही मी तिच्यात नव्हते. मागे डबे, जुने टायर, बॅटरी. पुढे म्हातारा मिस्त्री. मी बसनं गेले. सांगायचं म्हणजे सहा वर्षांत ती गाडी जेव्हा जेव्हा चालली तेव्हा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायलाच चालली.

नथ्थूकडे एक-दोन वर्षं बरी गेली. आत शेळ्या बसत, कोंबड्या टपावर चढत, पण छत पक्कं होतं. हे म्हणायचे, मागची सीट नीट होऊ दे, दिवाळीनंतर काढू. दिवाळीच्या सुमारास ह्यांना जिना उतरताना कडेची पायरी दिसेना. आमचा मुलगा अपूर्व पुण्याला असतो, त्यानं तिकडे बोलावून घेतलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडांकडून आत आत बंद होत येत होती. थेंब दिले, उपचार केले, चार महिने आम्ही तिथेच राहिलो. निघताना डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवायची तर दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, आणि जूनपर्यंतच धरा. जूनमध्ये पुन्हा तपासा. मग मी खात्री देणार नाही."

अपूर्व म्हणाला, "बाबा, विकून टाका आता." ह्यांनी ऐकलंच नाही. आगगाडीत रात्रभर बोटांवर महिने मोजत होते. मार्च, एप्रिल, मे. "तीन महिने पुष्कळ झाले," मला म्हणाले. "एक चक्कर त मारायची हाय."

आल्याच्या तिसऱ्या दिवशी राजेगावला गेलो. नथ्थू फाटकातच उभा होता, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "या भाऊजी, तुमच्यासाठी एक काम करून ठेवलं हाय. आधी पाहा, मग च्या."

शेडची मोकळी बाजू नव्हती. तिथे भिंत होती. पक्क्या विटांची, प्लॅस्टर केलेली, पिवळा रंग दिलेली, वर स्वस्तिक. मधोमध लोखंडाचा एक दरवाजा, तीन फुटांचा. माणसानं आत जायचा.

"चाकावरची एक झाकणी चोरीले गेली भाऊजी तुमच्या मागं," नथ्थू सांगत होता. "मले रात्री झोप नाई आली. जवाई भरोशानं चीज ठेवून गेले आणि मी सांभाळू नाई शकत? मंग म्हटलं, आता पक्कंच करून टाकू. आता कोणाची हिंमत हाय का?"

आत दिवा लावला. इम्पाला धुऊन पुसून उभी होती, नव्या नवरीसारखी. छताला पंखा होता. "तुम्ही आत बसान त गरमी नाई व्हायले पायजे," नथ्थू म्हणाला.

माझा भाऊ मूर्ख नाही. हजार पोती धान कुठे आणि कशी रचायची ते तो झोपेतून उठून सांगेल. पण आमच्याकडे ठेवायला दिलेली वस्तू वापरायची नसते, सांभाळायची असते. बहिणीनं डबा ठेवायला दिला तर भाऊ तो उघडूनसुद्धा बघत नाही. आणि ह्यांनी इतकी वर्षं ज्याला त्याला एकच सांगितलं होतं, जागा पाहिजे, पक्की जागा पाहिजे. चालवायची आहे, हे कधी कोणाला म्हणाले होते? नथ्थूनं ऐकलं तसं केलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते दरवाजाकडे बघत होते आणि मला दिसत होतं की डोळ्यांनीच माप घेत आहेत. तीन फूट. मग वळले आणि म्हणाले, "लय चांगलं केलं, नथ्थू."

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. शांताबाईनं कोंबडीचा रस्सा केला होता, तो ह्यांनी दोनदा मागून घेतला. परतीच्या बसमध्ये मी फुटले.

"बोलले काहून नाही? दोन शब्द! भिंत पाड, गाडी काढाची हाय!"

"ज्या घरी चाळीस वर्षं पाय धुऊन घेतले, त्या घरी जाऊन भिंत पाड म्हणू? नथ्थूनं कर्ज नसन काढलं कशावरून? अन् तू बी नाही बोलाचं. माही शपथ हाय तुले."

आणि मी शपथ पाळली. इथे खरं सांगायला हवं, शपथेचं निमित्त होतं. माहेरी माझ्या नवऱ्यासाठी एवढं केलं, गावातल्या बाया येऊन पिवळी भिंत बघून जातात, मला म्हणतात, "आशाबाई, भाऊ असावा त असा," ते मला बरं वाटत होतं. ह्यांचे महिने चालले होते आणि मी माहेरच्या कौतुकात बसले होते.

दर रविवारी हे बसनं राजेगावला जायचे. तीन फुटांच्या दारातून आत शिरायचे, पंखा लावायचे आणि स्टिअरिंगमागे बसायचे. शांताबाई काचेतून चहा द्यायची. गाडी सुरू करायची सोय नव्हती, धूर जाणार कुठे? हे काचा पुसायचे, गिअर बदलून बघायचे, समोरच्या भिंतीकडे बघत तासभर बसायचे आणि चारच्या बसनं घरी यायचे. मी विचारलं, "कशी होती?" की म्हणायचे, "मस्त." त्या 'मस्त'चा मला इतका संताप यायचा की भांडी आदळून आदळून माझ्या दोन पातेल्यांना पोचे आले आहेत. एकदा मी म्हटलं, एखादं पत्र तरी लिहा नथ्थूला, तोंडानं जमत नसेल तर. एकानं दुसऱ्याला एवढं सांगायला काय लागतं! ह्यांनी लिहिलंही. आधी क्षेमकुशल, मग भिंतीची स्तुती, मग शेवटी 'कधी जमल्यास दरवाजाचा विचार व्हावा'. आणि तेही टाकलं नाही, खिशातच ठेवलं.

जूनमध्ये गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे तपासायला गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "काका, दोन्ही बाजूंनी कमी झालंय. आजपासून काही चालवायचं नाही. स्कूटरसुद्धा नाही." ह्यांनी कागद घेतला, चार घड्या केल्या, खिशात ठेवला. बाहेर येऊन मला म्हणाले, "उसाचा रस पितेस का?" मी रस्त्यात रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शपथ मोडली. ह्यांना बाजाराचं सांगून एकटीच राजेगावच्या बसमध्ये बसले. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते, भाऊ दुखावणार, शांताबाई रडणार, माहेर तुटणार. नथ्थू अंगणात खाट विणत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डोळे, जून, एक चक्कर, पुठ्ठ्याच्या गाडीपासून सगळं. त्यानं हातातली दोरी खाली ठेवली.

"बाई, इतकंच होतं?"

"इतकंच म्हणजे?"

"भिंत का, अर्ध्या दिवसाचं काम हाय! मले मार्चातच सांगाचं होतं ना! मी परका हाओ काय? थे दर आईतवारी येत, आत बसत, मी विचारो, भाऊजी काही कमी-जास्त? म्हणत, मस्त हाय. मले वाटे, भाऊजी खूश हायेत!" त्याचा आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी होतं. "मी त या पोळ्याले अजून टाईल लावणार होतो तिथं."

 रागवायला माणूस शोधत मी एवढ्या लांब आले होते आणि तो माणूस इथे नव्हताच.

नथ्थूनं सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि पहिला घाव स्वतः घातला. शेजारचे दोघं आले. दुपारी दोनपर्यंत पिवळी भिंत विटांचा ढीग झाली होती. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, इंजिन खोकलं, मग सुरू झालं. मी ह्यांना फोन केला की लवकर या, काय झालं ते सांगितलं नाही.

हे साडेतीनला उतरले. मोकळी शेड बघितली आणि जागीच थांबले. मग हळूहळू गाडीपाशी गेले, तिच्या नाकावर हात ठेवला, इंजिनाचा थरथराट हाताला लागत असेल. ड्रायव्हरचं दार उघडलं. मला वाटलं, बसतात आता. पण त्यांनी दार उघडं ठेवलं आणि नथ्थूकडे वळून म्हणाले, "तू चालव."

"मी? भाऊजी, मले ट्रॅक्टरची सवय—"

"चालव तू. मले बाजूचं नाई दिसत."

चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्या माहेरी स्वतःची एक अडचण सांगितली, ती ही पहिली. जावयाचा मान मागच्या सीटवर, म्हणून आम्ही दोघं मागे बसलो. उंदरांनी कुरतडलेल्या सीटवर शांताबाईनं गोधडी टाकून दिली. ह्यांनी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं. गाडी शेडमधून बाहेर आली, गावातून निघाली, गोंदिया रोडला लागली. लोक ओट्यांवरून उठून बघत होते. मला खूप आनंद व्हायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष ह्यांच्या उजव्या पायाकडे होतं. तो पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता.

नथ्थू ट्रॅक्टर चालवतो तशीच इम्पाला चालवत होता. डावा पाय सतत क्लचवर, गिअर टाकताना खर्र, प्रत्येक खड्ड्याला धक्का. हे ओठ आवळून बसले होते. पहिल्या खर्रला डोळे मिटले. दुसऱ्याला माझा हात धरला. मला वाटलं, आता विचारलं तर म्हणतील, मस्त.

तिसऱ्या खर्रला हे पुढच्या सीटवर वाकले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की रस्त्याकडेची बगळ्यांची रांग उडाली.

"अबे गाढवा! क्लचवरचा पाय काढ! गाडी हाय का नांगर हाय? माही गाडी हाय थे, तोडतो का तिले!"

मी गार पडले. साळ्याला गाढव! जावयानं! नथ्थूनं दचकून पाय काढला. गाडी एकदम हलकी झाली आणि सुरेख पळायला लागली. नथ्थूनं आरशातून मागे बघितलं. त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

"हौ भाऊजी," तो म्हणाला, "असं सांगत जा ना!"

हे मागे टेकले, अजून धापा टाकत होते. मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण मला हसूही येत होतं आणि ह्यांच्या दोन कानशिलात द्याव्यात असंही वाटत होतं. हाच आवाज मार्चमध्ये काढला असता तर पुढच्या सीटवर हे असते आणि मी त्यांच्या शेजारी.